रोलंडला परवडेल असा डेक : प्रकल्प नोंदी

५ जुलै

ताईला ‘आर्कम हॉरर : द कार्ड गेम’ शिकायचाय (तपासनीस बनून जागोजागचे क्लू शोधायचे आणि राक्षसांशी लढायचं, असा पत्त्यांचा खेळ) आणि बहुतेक वेळा ती एकटीच खेळणार आहे. मी तिला नवशिक्याला झेपेल असा रोलंड बँक्स या तपासनीसाचा डेक लावून देतो असं कबूल केलंय. अटी तीन: पत्ते फक्त कोअर बॉक्समधले, सगळे लेव्हल ० (अनुभवाचे गुण न मोजता घेता येणारे), आणि डेक एकटीला पुरला पाहिजे. क्लू गोळा करायला शेजारी डेझी वॉकरसारखी दुसरी तपासनीस बसलेली नसणार. असाच डेक लावणाऱ्यांना उपयोगी पडतील म्हणून या नोंदी.

बॉक्सबद्दल आधीच सांगून ठेवतो. २०१६ च्या जुन्या कोअर सेटमध्ये खेळाडूंचे बहुतेक पत्ते एकेकच येतात. २०२१ चा रिव्हाइज्ड कोअर असेल तर दोन-दोन प्रती मिळतात. खालची यादी रिव्हाइज्डवरून केली आहे. जुन्या एका बॉक्सवाल्यांना एकेकच येणाऱ्या पत्त्यांची दुसरी प्रत सोडून द्यावी लागेल आणि तिथे दुसरं काहीतरी भरावं लागेल.

रोलंड निवडायचं कारण सरळ आहे. विलपॉवर ३, इंटेलेक्ट ३, कॉम्बॅट ४, ॲजिलिटी २. मारामारी जमते आणि शोधाशोधही अगदीच वाईट नाही. त्यातून शत्रू मारला की उभ्या जागेवरचा एक क्लू फुकट मिळतो, फेरीत एकदा. हेल्थ ९ आहे, पण सॅनिटी फक्त ५ (डॅमेज हेल्थवर जातं, हॉरर सॅनिटीवर). हा ५ चा आकडा पुढे बराच नडला.

पुढे ‘द गॅदरिंग’ या पहिल्या सिनारियोतल्या जागांबद्दल लिहिलंय. तो अजून खेळला नसाल तर आधी खेळून घ्या.

५ जुलै, रात्री

पहिली यादी, सगळ्यांच्या दोन-दोन प्रती: .४५ ऑटोमॅटिक, बीट कॉप, गार्ड डॉग, फिजिकल ट्रेनिंग, फर्स्ट एड, डायनामाइट ब्लास्ट, एव्हिडन्स!, व्हिशस ब्लो, मॅग्निफाइंग ग्लास, डॉ. मिलान ख्रिस्तोफर, ओल्ड बुक ऑफ लोअर, फ्लॅशलाइट, इमर्जन्सी कॅश, गट्स, अनएक्स्पेक्टेड करेज. झाले ३०. त्यावर रोलंडचं स्वतःचं .३८ स्पेशल, कव्हर अप आणि चिठ्ठी काढून आलेली एक बेसिक वीकनेस (डेकमध्ये घ्यावाच लागणारा त्रासदायक पत्ता). चिठ्ठीत पॅरानोया निघाला.

यादीवरून नजर फिरवली तर एकही पत्ता टाकाऊ वाटत नाही. मीही तसाच खूश होतो.

८ जुलै

स्टँडर्ड पिशवी (प्रत्येक टेस्टला आकडा कमी-जास्त करणारं टोकन हिच्यातून काढायचं), ताई खेळतेय, मी बाजूला बसून गप्प. ‘गप्प’ हे माझं मत, तिचं वेगळं असेल.

पहिला हात: .४५, बीट कॉप, डायनामाइट, डॉ. मिलान, गट्स. मलिगन (सुरुवातीचे नको असलेले पत्ते बदलणं) करावा असं दोघांनाही वाटलं नाही. बंदूक आहे, माणसं आहेत, स्फोटकं आहेत, अजून काय हवं? सुरुवातीचे ५ रिसोर्स (पत्ते मांडायचे पैसे). .४५ ला ४ गेले, उरला १. मग दर फेरीला एक-एक. बीट कॉपची किंमत ४, म्हणजे तो चौथ्या फेरीत उतरणार. त्यानंतर हातात शून्य, आणि ५ रिसोर्सचं डायनामाइट पुन्हा तितक्याच फेऱ्या लांब. मधल्या काळात मिथॉस फेजमधून (फेरीचा संकटं आणणारा भाग) जे यायचं ते येतच राहिलं. ताई एकेक ॲक्शन खर्चून रिसोर्स घेत बसली आणि घूल नावाचा राक्षस तिला चावत बसला.

शेवटी तिने हातातले पत्ते उलटे केले. “अरे, सगळे पत्ते चांगलेच आहेत रे. पण मी ते मांडू कधी?”

हाच खरा प्रश्न होता आणि तो मी यादी करताना विचारलाच नव्हता.

९ जुलै

आज न खेळता फक्त हिशोब.

अपकीपमध्ये, म्हणजे फेरीच्या शेवटी, फेरीला एक पत्ता आणि एक रिसोर्स मिळतो. सुरुवात ५ पत्ते आणि ५ रिसोर्सवर. म्हणजे १० फेऱ्यांनंतर साधारण १५ पत्ते बघून झालेले असतात आणि १५ रिसोर्स मिळालेले असतात. दोन्ही आकडे बरोबरीने चालतात. याचा अर्थ पत्त्याची सरासरी किंमत १ च्या आसपास हवी, नाहीतर अर्धे पत्ते हातात अडकून पडणार.

माझ्या ३० पत्त्यांची एकूण किंमत ६२. सरासरी दोनच्याही किंचित वर. पगार एकाचा, संसार दोन घरांचा.

इमर्जन्सी कॅशचे ३-३ रिसोर्स धरले तरी फारसा फरक पडत नाही, कारण दोन्ही प्रती वेळेवर येतील याची खात्री काय? दुसरी गोष्ट म्हणजे स्किल पत्ते. गट्ससारखा पत्ता टेस्टला कमिट करायला (म्हणजे आपला आकडा वाढवायला लावायला) रिसोर्सही लागत नाही आणि ॲक्शनही लागत नाही. पहिल्या यादीत असे पत्ते फक्त ६ होते. नवशिका माणूस स्किल पत्त्यांकडे दुर्लक्ष करतो, कारण ते टेबलावर काही ‘उभं’ करत नाहीत. डेक त्यांच्यावर चालतो.

मग कात्री लावली. डायनामाइट ब्लास्ट दोन्ही बाहेर: ५ रिसोर्स द्यायचे आणि आपण त्याच जागेवर असलो तर आपल्यालाही ३ डॅमेज. फिजिकल ट्रेनिंग बाहेर, कारण ते मांडायलाही रिसोर्स आणि वापरायलाही रिसोर्स. फर्स्ट एड बाहेर: एक हॉरर उतरवायला एक ॲक्शन जाते. गार्ड डॉगची एक प्रत बाहेर, डॉ. मिलानचीही एक. मिलान यशस्वी तपासामागे एक रिसोर्स देतो हे खरं. पण एकट्याच्या ‘गॅदरिंग’मध्ये नकाशावर क्लूच इतके थोडे असतात की त्याचे ४ रिसोर्स वसूल होईपर्यंत खेळ संपतो. एक प्रत पुढच्या सिनारियोंसाठी ठेवली.

१२ जुलै

हातांचा घोळ. हा हिशोबात दिसत नव्हता, खेळताना दिसला.

प्रत्येक तपासनीसाला दोनच हात. माझ्या पहिल्या यादीत हात अडवणारे पत्ते किती, तर .४५ च्या दोन, ग्लासच्या दोन, पुस्तकाच्या दोन, फ्लॅशलाइटच्या दोन आणि .३८, असे ९. ताईच्या एका हातात पुस्तक, दुसऱ्यात ग्लास. समोर घूल मिनियन, अंगावर आलेला. हातात .४५ आली. ती मांडायची ॲक्शन घेतली की घूल आधी फुकटात मारतो, एक डॅमेज आणि एक हॉरर. वर बंदुकीला हात मोकळा करायला तिने पुस्तक टाकलं. ३ रिसोर्सचं पुस्तक एकदाच वापरलं होतं.

इथे नवशिक्यांसाठी एक सूचना, कारण हा नियम सगळेच विसरतात: शत्रू अंगावर असताना फाइट (लढणं), इव्हेड (निसटणं), पार्ले (बोलणी) आणि रिझाइन (माघार) सोडून कुठलीही ॲक्शन घेतली तर तो एक फटका हाणतो. फास्ट (ॲक्शन न लागणाऱ्या) पत्त्यांना हे लागू नाही. म्हणून बंदूक शत्रू यायच्या आत मांडून ठेवायची. ताईने यावर विचारलं की मग मांडायला रिसोर्स आधीच हवेत ना, आणि आम्ही पुन्हा ९ जुलैच्या नोंदीवर येऊन थांबलो.

तोडगा: एक हात हत्यारासाठी, एक तपासाच्या वस्तूसाठी. पुस्तकं बाहेर. फ्लॅशलाइट एकच. आणि हातच लागत नाहीत अशा मार्गांनी क्लू काढायचे.

१३ जुलै

हत्यारं. पहिल्या यादीत .४५ दोन आणि .३८ एक, मिळून ३. वीकनेस सुरुवातीच्या हातात येत नाहीत, त्या बाजूला ठेवून बदली पत्ता घेतात. त्यामुळे हिशोब ३१ पत्त्यांचा. हत्यारासाठी सगळा हात बदलून मलिगन केला तरी हत्याराशिवाय सुरुवात होण्याची शक्यता सुमारे ३० टक्के. हत्यारं ५ केली की ती १२ टक्क्यांवर येते.

म्हणून मशेटीच्या दोन प्रती आल्या. मी पहिल्या यादीत मशेटी घेतली नव्हती ती केवळ बंदूक मोठी वाटते म्हणून. मशेटीची किंमत ३, गोळ्या संपायची भानगड नाही, कॉम्बॅट +१, आणि अंगावर तो एकच शत्रू असेल तर एक डॅमेज जास्त. एकटं खेळताना बहुतेक वेळा अंगावर एकच असतो.

रिकाम्या हातांनीही रोलंड चुकतो असं नाही. घूल मिनियनचा फाइट (त्याला फटका मारायला गाठायचा आकडा) २, रोलंडचं कॉम्बॅट ४: स्टँडर्ड पिशवीतल्या १६ पैकी १३ टोकनांवर फटका लागतो. मशेटी घेऊन १४. फरक नेमाचा नाहीच, डॅमेजचा आहे. मिनियनची हेल्थ २. रिकाम्या हातांनी दोन फटके म्हणजे दोन ॲक्शन, मशेटीने एक. एकट्याच्या खेळात फेरीला तीनच ॲक्शन असतात, त्यातली एक वाचणं मोठी गोष्ट आहे.

१९ जुलै

तळघर. आजची नोंद लांबणार.

‘गॅदरिंग’मध्ये स्टडीतून बाहेर पडल्यावर पुढचा टप्पा उघडायला एकट्याला ३ क्लू लागतात. माळ्यावर २, तळघरात २, हॉलवेत एकही नाही. म्हणजे माळा पूर्ण झाडला तरी तळघरातून किमान एक क्लू आणावाच लागतो. माळ्याचा श्राउड (तपासाला गाठायचा आकडा) १, तिथे काही अडत नाही. तळघराचा ४.

रोलंडचं इंटेलेक्ट ३. श्राउड ४ ला त्याला निदान +१ टोकन लागतं. स्टँडर्ड पिशवीत असं एकच टोकन आहे, दुसरा आधार एल्डर साइन या खास टोकनाचा. १६ पैकी २. ताईने तिथे तपास करून पाहिला, पुन्हा पाहिला, मग पिशवीकडे अशी बघायला लागली की जणू मी आत काहीतरी भरलंय.

फ्लॅशलाइट वापरली की श्राउड २ ने उतरतो आणि १६ पैकी १० होतात. जोडीला मॅग्निफाइंग ग्लास असेल तर १३. पण मग दोन्ही हात भरले, हत्यार गेलं. आणि तळघरात हत्याराशिवाय उभं राहणं म्हणजे आयसी घूलला निमंत्रण, तो तिथेच उगवतो.

इथे दोन पत्ते कामाला आले. वर्किंग अ हंच: २ रिसोर्स, फास्ट, टेस्ट नाही, पिशवीत हात घालायचा नाही, उभ्या जागेवरचा एक क्लू उचला. एव्हिडन्स!: १ रिसोर्स, शत्रू मेला की एक क्लू. त्यात रोलंडची स्वतःची क्षमता. म्हणजे वर हॉलवेत भेटलेला घूल तिथेच मारायची घाई करू नये. तो अंगावर आहे तसा घेऊन तळघरात उतरायचं (निघताना एक फटका बसतो, उतरताच तळघराचा एक डॅमेज बसतो, हेल्थ ९ आहे, सोसतं) आणि तिथे मारायचं. मारल्याबरोबर एक क्लू रोलंडच्या नावावर, हातात एव्हिडन्स! असेल तर दुसराही. इंटेलेक्ट ३ चा माणूस श्राउड ४ च्या जागेतून दोन्ही क्लू घेऊन वर येतो, एकही तपास न करता. ताईला ही चाल इतकी आवडली की नंतर तिने एक उंदरांचा थवाही तसाच ओढत खाली नेला.

डिडक्शनही दोन घेतले. स्टडीचा श्राउड २ आणि क्लू २. डिडक्शन लावून एक तपास यशस्वी झाला की दोन्ही क्लू एका ॲक्शनमध्ये.

२० जुलै

आकडे सुंदर करण्याच्या नादात बीट कॉप काढून टाकले आणि तिथे नाइफ घातले. एकूण किंमत ३४, सरासरी १.१ च्या आसपास. कागदावर याहून नीट डेक नाही.

खेळ असा संपला. माळ्यावर पाऊल ठेवताच १ हॉरर. मिथॉसमध्ये रॉटिंग रिमेन्स: विलपॉवर ३ ची टेस्ट, जितक्याने हरू तितके हॉरर. पिशवीतून ऑटो-फेल (टेस्ट हमखास हरवणारं टोकन). ३ हॉरर. एकूण ४. पुढच्या फेरीत तळघरात हंच हातात नाही म्हणून नशिबावर तपास, कल्टिस्ट टोकन, हरल्याबद्दल १ हॉरर. झाले ५. शरीरावर जेमतेम ओरखडा आणि रोलंड वेड्यांच्या दवाखान्यात.

बीट कॉप म्हणजे नुसतं कॉम्बॅट +१ नाही. त्याच्या अंगावर २ डॅमेज आणि २ हॉरर जातात. ४ रिसोर्सला रोलंडची सॅनिटी प्रत्यक्षात ५ ची ७ होते, तीही एका ॲक्शनमध्ये. फर्स्ट एडने तेवढे हॉरर उतरवायला तीन ॲक्शन गेल्या असत्या, एक मांडायची आणि दोन बरं करायच्या. बीट कॉप परत आत. गार्ड डॉगच्या उरलेल्या प्रतीबद्दल माझं मत ‘काढ’ असं होतं, ताईचं ‘राहू दे’. ॲलायची (साथीदाराची) जागा एकच, पण एक मेला की दुसरा लागतोच, हे तिचं म्हणणं. राहू दिला.

गट्सच्या दोन्ही प्रती कायम. विलपॉवर ३ ला रॉटिंग रिमेन्स जवळ घूल नसतानाही १६ पैकी ६ वेळाच टळतो. गट्स लावला की १३ वेळा, शिवाय यश आलं तर एक पत्ता. ताईला एवढंच सांगितलंय: गट्स हातात असेल तर तो फक्त हॉररवाल्या टेस्टसाठी राखायचा.

२६ जुलै

पॅरानोया आला. ताईने बीट कॉपसाठी ४ रिसोर्स साठवले होते, पुढच्या फेरीत मांडणार होती. अपकीपमध्ये पत्ता ओढला, पॅरानोया, सगळे रिसोर्स गेले. पत्ता आधी, रिसोर्स नंतर, म्हणून त्या फेरीचा एक तेवढा हातात राहिला.

यासाठी डेकमध्ये काही बदललं नाही. स्वस्त डेकमध्ये मुळात साठवायची वेळ कमी येते. पहिल्या यादीत हीच वीकनेस डायनामाइटसाठी ५ साठवताना आली असती तर खेळ तिथेच आटोपला असता. कव्हर अपचं मात्र भान ठेवावं लागतं. तो ३ क्लू घेऊन समोर बसतो आणि सापडलेले क्लू त्यावरचे उतरवायला वापरले नाहीत तर शेवटी एक मेंटल ट्रॉमा, म्हणजे पुढचा प्रत्येक सिनारियो एका हॉररने सुरू. सॅनिटी ५ च्या माणसाला हे महाग आहे. लवकर आला तर फेडायचा, शेवटी आला तर ट्रॉमा घेऊन पुढे जायचं, असं आम्ही ठरवलंय.

२७ जुलै

पक्की यादी.

दोन-दोन प्रती: .४५ ऑटोमॅटिक, मशेटी, बीट कॉप, एव्हिडन्स!, व्हिशस ब्लो, मॅग्निफाइंग ग्लास, वर्किंग अ हंच, डिडक्शन, इमर्जन्सी कॅश, गट्स, परसेप्शन, ओव्हरपॉवर, अनएक्स्पेक्टेड करेज.

एकेक प्रत: गार्ड डॉग, डॉज, डॉ. मिलान ख्रिस्तोफर, फ्लॅशलाइट.

एकूण किंमत ४०, सरासरी १.३३. स्किल पत्ते १२. एक डॉज का, तर हाताशी १ रिसोर्स असला की एक हल्ला पूर्ण रद्द होतो, आणि अंगावर शत्रू असताना बंदूक मांडायची वेळ आलीच तर तो फटकाही यानेच वाचतो.

मलिगनसाठी ताईने एका चिठ्ठीवर लिहून बॉक्समध्ये ठेवलंय: हत्यार नसेल तर सगळं बदल, असेल तर ३ च्या वरच्या किमतीचा दुसरा पत्ता बदल.

३ ऑगस्ट

याच यादीने ‘गॅदरिंग’ पार. शेवटच्या मोठ्या शत्रूची एकट्याला हेल्थ ५: .४५ च्या दोन गोळ्या, त्यातल्या एकीला व्हिशस ब्लो. तळघरात मात्र एव्हिडन्स! वेळेवर आला नाही, तिथला एक क्लू राहून गेला आणि म्हणून तळघराचा १ एक्सपी, म्हणजे अनुभवाचा गुणही. घाईत जिंकलं की असं होतं.

एक्सपी कशावर घालायचे यावरून वाद. ताईला शॉटगन हवी: ४ एक्सपी, ५ रिसोर्स, दोन्ही हात. मी म्हटलं, ग्लास कुठे धरणार? ती म्हणाली, “शॉटगन असताना ग्लास कशाला धरू?” तिचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, मारामारी संपली की क्लू रोलंडला तसेही मिळतात. पण दोनच गोळ्या, आणि ५ रिसोर्स ऐन वेळी हाती असतील याचा भरवसा या डेकमध्ये नाही. सध्या २ एक्सपी देऊन एक बीट कॉप लेव्हल २ चा केला. तो टाकून न देता, स्वतःवर एक डॅमेज घेऊन शत्रूला एक डॅमेज देत राहतो, आणि किंमत ४ च राहते. आणखी १ एक्सपीने एक मॅग्निफाइंग ग्लास लेव्हल १ चा: मांडायला शून्य रिसोर्स.

शॉटगनचा विषय ‘मिडनाइट मास्क्स’ या पुढच्या सिनारियोनंतर पुन्हा निघणार आहे. तोपर्यंत ओव्हरपॉवरच्या एका प्रतीवर तिचा डोळा आहे, तिथेच ती बसवायची म्हणते.